विस्मृतींतून परत आलेला सण

आयर्लंड देशाच्या नैर्ऋत्य टोंकाला केरी नांवाचा परगणा आहे. त्या परगण्यांतून डिंगल नांवाचें एक अरुंद द्वीपकल्प अटलांटिक महासागरांत दूरवर शिरलें आहे; आणि त्याच्या उत्तर अंगास, डोंगर व खाडी यांच्या बेचक्यांत, क्लॉहान नांवाचें एक चिमुकलें खेडें वसलेलें आहे. गांवाजवळच ब्रँडन पर्वत उभा आहे. त्याची उंची ९५२ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडाहून कमीच. परंतु तो समुद्राच्या कांठावरूनच वर चढत गेलेला असल्यामुळें फार भव्य दिसतो. जुलै महिन्याच्या अखेरच्या रविवाराला येथील लोक आपल्या आयरिश भाषेंत 'क्रोम डुवचा रविवार' असें म्हणतात. या सुमारास डोंगर चढण्याची व गांवांत जत्रा भरविण्याची तेथें जुनी चाल होती, आणि अलीकडच्या काळांत तेथील ग्रामस्थांनीं 'लूनसा' या नांवानें आपला हा प्राचीन सुगीचा सण पुन्हां मांडला आहे.

आज मी बोलणार आहें तो या सणाविषयीं, आणि त्याहूनही अधिक, तो परत कसा आला याविषयीं. हा सण राजवाड्यांत टिकला नाहीं. खेड्यांतील वृद्धांच्या आठवणींत तो टिकला, आणि तेथून त्याला कागदावर उतरविण्याच्या कामीं प्राथमिक शाळांतील गुरुजींचा मोठा हात होता. ज्याचें सारें आयुष्य फळा आणि खडू यांच्या संगतींत गेलें, त्याला हा विषय जिव्हाळ्याचा वाटावा यांत नवल तें काय?

प्रथम नांवाचा उलगडा करूं. जुन्या आयरिश वर्षाचे चार मोठे संधिकाल मानीत: नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्ट या महिन्यांचे पहिले दिवस. त्यांपैकीं १ ऑगस्टचा सण तो लूनसा. आयरिश भाषेंत ऑगस्ट महिन्याचें नांव आजही लूनसा असेंच आहे. 'लू' हा केल्टिक लोकांचा एक तेजस्वी, सर्वकलानिपुण देव. त्याच्या उपमातेचें नांव ताल्त्यू. लोकांना शेती करितां यावी म्हणून तिनें एक घनदाट अरण्य तोडून मैदान मोकळें केलें, आणि त्या श्रमांनीं ती मरण पावली. तिच्या स्मरणार्थ लू देवानें दरवर्षीं खेळांचा मेळा भरविला, अशी कथा मध्ययुगीन आयरिश ग्रंथांत आली आहे. म्हणजे सण सुगीचा, आनंदाचा. पण त्याच्या मुळाशीं एका मातेचें श्राद्ध आहे. या दिवसाचें आणखी एक जुनें नांव ग्रंथांत सांपडतें, आणि त्याचा अर्थ लावतांना जुना टीकाकार म्हणतो कीं, या काळांत पिकाच्या भारानें पृथ्वी कष्टी होते. पीक उभें राहण्यासाठीं कोणी तरी झिजलेलें असतें, ही जाणीव त्या लोकांना किती खोल होती पाहा!

ताल्त्यूचें तें मैदान मीथ परगण्यांत आजही दाखवितात; त्याला आतां टेल्टाऊन म्हणतात. प्राचीन काळीं तेथें राजाधिराजाच्या अध्यक्षतेखालीं मोठा मेळा भरे. मेळ्याच्या दिवसांत शस्त्रसंधी पाळली जाई. घोड्यांच्या शर्यती होत, व्यापार चाले, तंटे तोडले जात आणि सोयरिकीही जुळत. राजा रॉडरिक ओकॉनर याच्या अमदानींत ११६८ सालीं हा मेळा भरल्याची नोंद जुन्या बखरींत आहे. पुढच्याच वर्षीं, ११६९ सालीं, नॉर्मन सरदारांची पहिली टोळी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरली. त्यानंतर तो राजमेळा पूर्वींच्या वैभवानें कधीं भरला नाहीं. राजाश्रयानें उभा असलेला सण राजाबरोबर गेला.

खेड्यांतून मात्र तो गेला नाहीं. तेथें त्याचा आधार राजाहूनही जुना आणि बळकट होता. तो आधार म्हणजे भूक.

आयर्लंडांत धान्याची कापणी ऑगस्टपासून सुरू होते. अठराव्या शतकांत बटाटा हें गरिबांचें मुख्य अन्न झालें, आणि त्याचें नवें पीकही याच सुमारास हातीं येऊं लागे. गेल्या वर्षीचा सांठा त्यापूर्वींच संपलेला असे. जून उलटला कीं घरांतील टोपल्या रिकाम्या होत, आणि नवें अजून जमिनींतच असे. या महिन्याला लोकांनीं 'भुकेचा जुलै' असें नांव दिलें होतें. 'कोबीचा जुलै' असेंही म्हणत, कारण कोबीच्या पानांवर दिवस काढावे लागत. आपल्या कोंकणांत आषाढ-श्रावणांत कणगी तळास लागल्याची अवस्था ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना या नांवांचा अर्थ निराळा सांगावयास नको. अशा वेळींही नेमलेल्या रविवारापूर्वीं बटाटे उकरणें हें घरच्या कर्त्या पुरुषाला कमीपणा आणणारें मानीत; त्याच्या घरचें जुनें पुरलें नाहीं, असा त्याचा अर्थ होई. मग तो रविवार उजाडे. त्या दिवशीं पहिले बटाटे काढून, उकडून, दूध-लोण्याबरोबर घरांतील सर्वांनीं पोटभर खावयाचे. आपल्याकडे नवान्न देवाला दाखविल्यावांचून तोंडांत घालीत नाहींत. तोच हा भाव. उपवास सोडण्याचा जो मुहूर्त, तोच सण.

जेवण झालें कीं तरुण मंडळी डोंगरावर निघत. तेथें याच दिवसांत एक रानफळ पिकतें. आकारानें आपल्या करवंदाहून लहान, रंगानें काळसर निळें. तें फळ वेंचावयाचें, खावयाचें, घरीं आणावयाचें. कांहीं ठिकाणीं मुलगे त्या फळांचीं कांकणें ओंवून मुलींना देत. नाच होई, कुस्त्या होत, गाणीं होत. एका टेकडीवर तर फुलांच्या माळा मातींत पुरीत. उन्हाळा संपला याची ती खूण. म्हणूनच या दिवसाला गांवोगांव निराळीं नांवें पडलीं: कोठें माळांचा रविवार, कोठें रानफळांचा रविवार, कोठें डोंगराचा रविवार. ख्रिस्ती धर्म आल्यावर १ ऑगस्टचा सण जवळच्या रविवारावर सरकला, आणि कित्येक डोंगरांवर देवाच्या जागीं साधुपुरुष आले. मेयो परगण्यांतील क्रोआ पॅट्रिक हा ७६४ मीटर उंचीचा डोंगर जुलैच्या शेवटच्या रविवारीं हजारों यात्रेकरू आजही चढतात. त्यांतील कित्येक अनवाणी असतात.

आतां हा 'क्रोम डुव' कोण? क्रोम म्हणजे वाकलेला, डुव म्हणजे काळा. लोककथांत तो एक अज्ञानी, श्रीमंत सरदार म्हणून येतो. संत पॅट्रिक किंवा संत ब्रेंडन त्याच्याकडे मदत मागावयास येतो, आणि तो आपला एक मारका बैल देऊं करितो. संतापुढें तो बैल गाईसारखा गरीब होतो, आणि शेवटीं क्रोम डुव नमतो. या कथांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनीं असें अनुमान काढलें आहे कीं, मूळ कथेंत संताच्या जागीं लू देव असावा आणि क्रोम डुव हा जमिनीच्या पोटांतील धान्याचा कृपण मालक असावा. त्याच्या हातांतून तें धान्य माणसांसाठीं सोडवून आणावयाचें, हीच सुगी. अनुमान म्हणूनच तें घ्यावें. पण महिनाभर कोबीच्या पानांवर राहिलेल्या माणसाला जमिनीचा मालक असाच काळा आणि हट्टी दिसला असेल, यांत शंका नाहीं.

या खेड्यांवर १८४५ सालीं घाला आला. बटाट्यावर एक करपा पडला. वरून हिरवें दिसणारें पीक जमिनींत कुजून काळें पडूं लागलें. पुढें १८५२ पर्यंत जो दुष्काळ चालला त्यांत सुमारें १० लक्ष माणसें मेलीं आणि तितकींच देश सोडून गेलीं. १८४१ सालीं आयर्लंड बेटाची लोकसंख्या ८१ लक्ष ७५ हजार होती. ती दहा वर्षांत ६५ लक्ष ५२ हजारांवर आली. आजही ती १८४१ च्या आंकड्यास पोंचलेली नाहीं. जो रविवार पहिल्या बटाट्याचा, त्याच्याच नशिबीं हें यावें! ज्या वस्त्यांत आयरिश भाषा आणि जुन्या चालीरीती अधिक शिल्लक होत्या, त्याच अधिक ओसाड पडल्या. कित्येक डोंगरांवरील मेळे याच काळांत विरळ झाले. पुढें देशत्याग चालूच राहिला. नाचणारीं पावलें बोस्टन आणि न्यूयॉर्ककडे गेलीं, आणि मागें उरलेले वृद्ध तेवढे सांगत राहिले कीं, आमच्या लहानपणीं त्या टेकडीवर असें असें होत असे.

विसाव्या शतकांत देशाचा मोठा भाग स्वतंत्र झाला. नव्या राज्याला आपला प्राचीन वारसा जगाला दाखवावा असें वाटणें साहजिक होतें. ताल्त्यूच्या नांवानें १९२४ सालीं डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर राष्ट्रीय क्रीडामहोत्सव भरविण्यांत आला. परदेशांतून आयरिश वंशाचे खेळाडू आले. मूळ मेळ्यांत घोडे पळत, येथें मोटारसायकलीही पळाल्या. १९२८ व १९३२ सालीं तो महोत्सव पुन्हां भरला, आणि मग बंद झाला. त्याची टर उडविण्याचें कारण नाहीं. यादवी युद्धाच्या जखमा ओल्या असतांना सर्वांना एका मैदानावर आणण्याचा तो यत्न होता. पण वरून खालीं आलेला सण मुळें धरीत नाहीं, हें त्यांतून दिसलें खरें.

खालून वर जाणारा प्रयत्न निराळ्याच ठिकाणीं चालू होता. १९३५ सालीं सरकारनें लोकपरंपरांची नोंद करण्यासाठीं एक मंडळ स्थापन केलें: आयरिश फोकलोअर कमिशन. शॉन ओसुलिव्हान हे त्याचे दप्तरदार. हे गृहस्थ स्वतः केरी परगण्याचे, आणि पूर्वाश्रमीचे शाळामास्तर. मंडळाजवळ पैसा थोडा आणि माणसें मूठभर. वृद्ध तर दरवर्षीं मरत होते. तेव्हां एक विलक्षण योजना निघाली. १९३७ च्या सप्टेंबरपासून प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील, अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना नेहमींच्या निबंधाच्या जागीं निराळें काम देण्यांत आलें. घरीं जावयाचें, आजी-आजोबांपाशीं किंवा शेजारच्या म्हाताऱ्यापाशीं बसावयाचें, आणि ठराविक विषयावर तीं काय सांगतात तें वहींत लिहून आणावयाचें. गुरुजींसाठीं विषयांची एक पुस्तिका छापली होती. गांवांतील सण, घरगुती औषधें, दुष्काळाच्या आठवणी, विहिरी, खेळ, हवामानाच्या खुणा, असे ते विषय. लिहिलेल्या मजकुराखालीं सांगणाराचें नांव, वय आणि गांव लिहावें अशी अपेक्षा असे. त्या वह्यांतून चांगलें तेवढें निवडून एका मोठ्या वहींत उतरवून घेण्याचें काम गुरुजींचें. १९३९ पर्यंत सुमारें ५,००० शाळांतील ५०,००० हून अधिक मुलांनीं हें काम केलें. आज डब्लिनच्या विद्यापीठांत जपून ठेविलेल्या या संग्रहाचीं पानें सुमारें ७,४०,००० भरतात.

श्रोतेहो, हा आंकडा मला थक्क करितो. पण त्याहून अधिक मी विचार करितों तो त्या वहींतील एका ओळीचा: सांगणाराचें नांव आणि वय. 'माझा आवडता सण' या विषयावरील निबंध मीं अनेक वर्षें तपासले आहेत. कोणत्याही शिक्षकाला विचारा. चाळीस वह्यांतील चाळीस निबंध एकमेकांचे जुळे भाऊ असतात; तीच प्रस्तावना, तींच विशेषणें, तोच उपदेश. निबंधमालेचें पुस्तक एकच असतें ना! त्या आयरिश मुलाच्या निबंधाखालीं मात्र सत्तर वर्षांच्या एखाद्या म्हातारीचें नांव आहे. तिनें सांगितलें तें दुसऱ्या कोणत्याही पुस्तकांत नव्हतें, आणि मुलाच्या हस्ताक्षरांत तें उतरलें नसतें तर तिच्याबरोबर थडग्यांत गेलें असतें. अक्षर वेडेंवांकडें असेल, शुद्धलेखनाच्या चुका असतील. परंतु तें लिहिणें खरें आहे.

मुलांच्या या कामानंतर, १९४२ सालीं, मंडळानें उन्हाळ्याच्या या शेवटच्या रविवाराविषयीं एक प्रश्नावली गांवोगांव पाठविली. तुमच्या भागांत या दिवसाला काय म्हणतात? लोक कोठें जमतात, कोणतीं फळें वेंचतात, त्या दिवसाची कोणती कथा सांगतात? उत्तरें देणारांतही प्राथमिक शिक्षकांचा भरणा मोठा होता. मंडळाच्या कचेरींत काम करणाऱ्या मॉरे मॅकनील या विदुषीनें तीं उत्तरें, शाळांतील वह्या आणि जुने ग्रंथ यांची सांगड घालण्याचें काम हातीं घेतलें. त्यांचे वडील ओइन मॅकनील हे नामांकित इतिहासकार आणि स्वतंत्र आयर्लंडचे शिक्षणमंत्री होते. बाईंचा लूनसाविषयींचा सुमारें सातशें पृष्ठांचा ग्रंथ १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. कोठें कोणत्या टेकडीवर, कोणत्या तळ्याकांठीं, कोणत्या विहिरीपाशीं लोक जमत, याचा तपशील त्यांत परगण्यावारीनें दिला आहे. जो सण प्रत्येक गांवाला आपला एकट्याचा वाटत होता, तो एकाच वृक्षाची फांदी आहे हें त्या ग्रंथानें दाखवून दिलें.

पुढें ब्रायन फ्रील यांच्या नाटकानें हा शब्द सामान्य लोकांच्या ओठीं आणला. १९९० सालीं रंगभूमीवर आलेलें हें नाटक १९३६ च्या ऑगस्टांतील डोनेगल परगण्यांत घडतें. पांच अविवाहित बहिणींच्या गरीब घरांत नवाच रेडिओ आला आहे. त्याला लू देवाचें नांव द्यावें असें एकीच्या मनांत येतें. आणि त्याच रेडिओवरील संगीत ऐकतां ऐकतां त्या बहिणी स्वयंपाकघरांत बेभान नाचूं लागतात. आपण ज्या यंत्रांतून माझें हें बोलणें ऐकत आहां, त्याला सुगीच्या देवाचा मान मिळावा, हा योग मला मोठा गोड वाटतो.

आज ब्रँडन, ग्वीडोर, स्लायगो, रॅथँगन अशा अनेक ठिकाणीं लूनसाचे उत्सव होऊं लागले आहेत. क्लेअर परगण्यांतील क्रॅगॉनोवेन येथील उघड्या प्रदर्शनांत जुन्या काळचें दैनंदिन जीवन वेषभूषेसह करून दाखवीत असत. गांवांतील उत्सवांत पारंपरिक वाद्यें, नाच, कथाकथन, हस्तकला आणि बाजार असतो. केरींतीलच किलॉर्ग्लिन गांवीं १० ते १२ ऑगस्टला भरणाऱ्या जत्रेंत डोंगरांतून धरून आणलेल्या रानटी बोकडाला राजमुकुट चढवून उंच मचाणावर बसवीत आले आहेत. त्या जत्रेची राजसनद १६१३ सालची आहे. २०२२ सालीं उन्हाळा फार कडक झाला, तेव्हां त्या बोकडराजाला उन्हांतून खालीं उतरवून सांवलींत नेण्यांत आलें! रूढि जिवंत असली म्हणजे तिला शहाणपण शिकतां येतें तें असें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. कोणी म्हणेल, ज्या घरांत बारा महिने दुकानांतून बटाटे येतात, त्या घराला पहिल्या बटाट्याचें काय कौतुक? भूक गेली, देव गेला, मग उरला तो प्रवाशांसाठीं मांडलेला खेळ. या म्हणण्यांत तथ्य आहे. बाजार आणि वाद्यवृंद यांना दोन हजार वर्षांची परंपरा म्हणणें हें इतिहासाला धरून नाहीं. आणि मध्ययुगीन ग्रंथ व एकोणिसाव्या शतकांतील आठवणी यांच्यामधील मोठी पोकळी केवळ उत्साहानें भरून काढतां येत नाहीं. जुनें काय व नवें काय हें गांवानें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

परंतु याच प्रामाणिकपणानें दुसरी बाजूही पाहावी. क्लॉहान हा आयरिश भाषा बोलली जाणारा भाग आहे. अशा वस्त्या देशांत थोड्या उरल्या आहेत. तेथील तरुण शहराकडे जातो. त्याला वर्षांतून एकदां गांवीं परत येण्यास, आपल्या भाषेंतील गाणें चारचौघांत म्हणण्यास आणि आजाबरोबर तोच डोंगर चढण्यास एक निमित्त हवें असतें. लूनसा तें निमित्त देतो. क्लॉहानच्या पडक्या चर्चच्या भिंतींत क्रोम डुवचें म्हणून एक दगडी शिर होतें. १९९३ सालीं तें चोरीस गेलें. शिर गेलें, पण रविवाराचें नांव गेलें नाहीं, कथा गेली नाहीं आणि डोंगराची वाटही मोडली नाहीं. जें लोकांच्या तोंडीं आणि पायांत असतें, तें चोराला उचलून नेतां येत नाहीं. क्रीडामहोत्सव तीन वेळां भरून थांबला आणि ही डोंगरवाट चालू राहिली, याचें कारणही हेंच. पुनरुज्जीवन तेथेंच साधतें, जेथें एखादा निखारा राखेखालीं शिल्लक असतो, आणि तो कोठें आहे हें कोणी तरी वेळेवर लिहून ठेविलेलें असतें.

आपल्यापैकीं पुष्कळांचीं घरें आतां शहरांत आहेत. दारावर तोरण लागतें, पंचपक्वान्न होतें. पण ज्या गांवाहून आपण आलों तेथें नवें भात घरांत येतांना काय करीत, खळ्यावर पहिली रास पडली कीं ती कोणाच्या नांवानें बाजूला काढीत, हें सांगणारें माणूस बहुधा आतल्या खोलींत जपमाळ ओढीत बसलेलें असतें. घरांतील मुलाला या आठवड्यांत एक कोरी वही द्या. त्याला आजीजवळ बसूं द्या. ती सांगेल तें तिच्याच शब्दांत लिहूं द्या, सुधारूं नका, सजवूं नका. आणि पानाच्या शेवटीं तिचें नांव, तिचें वय आणि तिचें गांव तेवढें लिहावयास विसरूं नका.